चिनी भागीदाराच्या कामासाठी राहता फ्लॅट तारण ठेवू का?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा. चाकणला माझे मशिन शॉप आहे. दोन व्हीएमसी (धातूचे भाग कापून घडवणारी संगणकीकृत मशिन्स), एक सीएनसी लेथ, नऊ कामगार. हिशेब पत्नी बघते. जुन्या मशिनचा हप्ता आणि बाकी सगळा खर्च जाऊन महिन्याला सरासरी १,६०,००० रुपये हातात राहतात. घरखर्च ७५,००० आहे. तळेगावला दोघांच्या नावावर ७० लाखांचा फ्लॅट आहे, त्याचे कर्ज फिटले आहे. इक्विटी म्युच्युअल फंडात २२ लाख (त्यातला नफा साधारण ९ लाख), पीपीएफमध्ये ९ लाख, एफडीत ६ लाख. मुलगी अकरावीत आहे, आई आमच्याजवळ असते. माझे निम्म्याहून जास्त काम एकाच जुन्या ग्राहकाकडून येते. त्यांची आता एका चिनी कंपनीशी भागीदारी ठरली आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरचे भाग इथे बनवायचे आहेत. परवानगीचा अर्ज दिल्लीला गेला आहे, काही महिन्यांत होईल म्हणतात. मला त्यांनी हेतुपत्र दिले आहे: दोन नव्या व्हीएमसी आणि एक सीएमएम (मापे तपासायचे यंत्र) बसवा, काम तुम्हालाच. मशिन्स ६४ लाख, सीएमएम आणि टूलिंग १२, नव्या शेडचे डिपॉझिट ६, असे ८२ लाख लागतील. फ्लॅटवर ६० लाख काढायचे आणि फंड मोडून २२ घालायचे असा विचार आहे. भारत-चीन संबंध सुधारत आहेत, विमानेही सुरू झाली. आधी आत शिरेल त्याला काम, असे इथे सगळे म्हणतात. करू का?

उत्तर:

नमस्कार. आधी निर्णय सांगते, मग कारणे. ८२ लाखांची ही योजना आहे तशी करू नका. फ्लॅट तारण ठेवू नका. हेतुपत्राच्या जोरावर एकाही मशिनचा ॲडव्हान्स देऊ नका. मात्र हा ग्राहक सोडूही नका. एका मशिनपुरती तयारी तुम्हाला झेपेल, तिचा हिशेब पुढे मांडला आहे.

तुमचे काम चांगले आहे म्हणूनच त्यांनी तुम्हाला विचारले, याबद्दल मला शंका नाही. चिनी कंपनी बुडवेल असेही मी म्हणत नाही. पण या व्यवहारात एक अट अशी आहे जी ना तुमच्या हातात आहे, ना तुमच्या ग्राहकाच्या, ना त्या चिनी कंपनीच्या. ती दिल्ली आणि बीजिंगच्या हातात आहे. ती पुरी होण्याआधीच तुम्ही कर्ज काढून बसणार आहात आणि तारण ठेवणार आहात डोक्यावरचे छप्पर.

तुम्ही तळेगावला राहता, त्यामुळे दूरचे उदाहरण द्यायची गरजच नाही. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर त्या कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, निर्यातीसाठी उत्पादन तेवढे चालू ठेवले. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटरने तो कारखाना घ्यायचा करार केला. फेब्रुवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये त्यांच्या हवाल गाड्या मांडलेल्या होत्या. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’मध्ये या कंपनीशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. पुढच्या आठवड्यातच राज्य सरकारने तीन चिनी कंपन्यांचे मिळून सुमारे ५,००० कोटींचे करार जागच्या जागी थांबवले. ग्रेट वॉलशिवाय त्यात हेंगली होती आणि फोटॉनचा पीएमआयबरोबरचा प्रकल्प होता.

यात कोणाचे काय चुकले? कंपनी पैसे घेऊन उभी होती, राज्याला रोजगार हवा होता, जनरल मोटर्सला कारखाना विकायचा होता. तिन्ही बाजूंची इच्छा असून व्यवहार झाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातले उत्पादन थांबले. ग्रेट वॉलने परवानगीची वाट बघितली आणि जून २०२२ अखेर कराराची मुदत संपली तेव्हा नाद सोडला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला, आणि तळेगावातून ह्युंदाईच्या गाड्यांचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये.

डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२५. साडेचार वर्षांहून अधिक काळ त्या आवारातून गाडी बाहेर पडली नाही. तुमचे कर्जही पाच वर्षांचे धरू. ग्रेट वॉल येणार म्हणून २०२० मध्ये ज्याने कर्जावर मशिन घेतली असेल, त्याचे जवळजवळ सगळे हप्ते त्या गेटमधून एक नग काम न मिळता भरून झाले असते. कारखाना शेवटी सुरू झाला, तळेगावचे भले झाले, मला त्याचा आनंद आहे. पण बँक आपला हप्ता दर महिन्याला मागते आणि दोन देशांमधले संबंध त्या वेळापत्रकाने सुधारत नाहीत.

तुमच्या ग्राहकाचा अर्ज ज्या नियमाखाली गेला असेल तो थोडा समजून घ्या. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘प्रेस नोट ३’ काढली. भारताला ज्या देशांची जमिनीची सीमा लागते तिथून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला आधी सरकारची मंजुरी हवी, अशी ती अट. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना ती पूर्वीपासून होती, चीनला तेव्हा लागू झाली. निमित्त शेअर बाजारातले होते. कोरोनामुळे भाव कोसळलेले असताना चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीतला हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याची बातमी आली आणि पडत्या भावात आपल्या कंपन्या बाहेरच्यांच्या हाती जातील ही भीती खरी वाटू लागली. दोन महिन्यांनी गलवान घडले. मग तो नियम पडत्या भावापुरता राहिलाच नाही, चीनविषयीच्या एकूण धोरणाचा भाग झाला. अनेक अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. चीनच्या बीवायडी या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगबरोबर एक अब्ज डॉलरच्या प्रकल्पाचा प्रस्ताव दिला होता, तो २०२३ मध्ये नाकारला गेल्याचे वृत्त आले. सीमेवर माणसे मेली असताना सरकारने हात आखडता घेतला, यात मला चूक दिसत नाही. मला काळजी आहे ती त्या थांबलेल्या काळाचे भाडे कोण भरतो याची.

या नियमात एक बारकावा आहे, तो तुमच्या ग्राहकाला जरूर विचारा. अट भांडवलाला आहे. पैसा सिंगापूर किंवा हाँगकाँगमधून आला, पण त्यामागचा खरा मालक चिनी असला, तरी ती लागू होऊ शकते. म्हणून ‘आमचे भागीदार तांत्रिकदृष्ट्या सिंगापूरचे आहेत’ असे कोणी म्हटले तर निर्धास्त होऊ नका. उलट, चिनी कंपनी हिस्सा न घेता फक्त तंत्रज्ञान देणार असेल आणि रॉयल्टी घेणार असेल, तर भांडवलाच्या मंजुरीचा प्रश्न येत नाही आणि काम पुष्कळ लवकर सुरू होऊ शकते. कागदावर ‘भागीदारी’ म्हणजे नेमके काय आहे, हिस्सा किती, अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या खात्याकडे गेला, हे त्यांच्या कंपनी सचिवांकडून लेखी घ्या. नियमही कधी सैल होतात, कधी आवळतात, तेव्हा त्या दिवशी लागू असलेला नियमही त्यांनाच विचारा. जुना ग्राहक असला तरी हे विचारण्यात अपमान नाही.

आता संबंध सुधारत आहेत या तुमच्या मुद्द्याकडे येते. ते खरे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या गस्तीबद्दल समझोता झाला आणि लगेच कझानमध्ये मोदी-शी भेट झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली, ऑगस्टअखेर पंतप्रधान तियानजिनला गेले, ऑक्टोबरात थेट विमाने उडाली. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालातही अशी मांडणी होती की चीनकडून माल आयात करत राहण्यापेक्षा त्याची गुंतवणूक इथे येऊ देणे भारताच्या फायद्याचे ठरू शकते. आकडे पाहिले की ही मांडणी पटते. २०२४-२५ मध्ये चीनमधून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल आला, आणि एप्रिल २००० पासूनच्या पाव शतकात तिथून आलेले भागभांडवल आहे जेमतेम अडीच अब्ज डॉलर. माल आला, कारखाने आले नाहीत. उद्या दार उघडले तर चाकणला मोठे काम मिळेल हा तुमचा अंदाज मी खोडून काढणार नाही.

पण त्याच २०२५ सालात काय काय झाले तेही बघा. ४ एप्रिलपासून चीनने दुर्मिळ खनिजांच्या काही चुंबकांची निर्यात परवान्याखाली आणली. इलेक्ट्रिक मोटरला हेच चुंबक लागतात. तुमच्या ग्राहकालाही मोटरच बनवायची आहे. जुलैत बजाज ऑटोने सांगितले की चुंबक मिळाले नाहीत तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे उत्पादन थांबू शकते. म्हणजे ही वेळ तुमच्या शेजारी, आकुर्डीच्या कंपनीवर आली, आणि तीही पूर्ण भारतीय! त्याच जुलैत चीनने बॅटरीच्या काही तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि फॉक्सकॉनने भारतातल्या आयफोन कारखान्यांतून तीनशेहून अधिक चिनी अभियंते परत बोलावल्याच्या बातम्या आल्या. फॉक्सकॉन तैवानची कंपनी आहे, तरी माणसे चीनची होती आणि ती गेली. आपण बहुतेक वेळा धरून चालतो की अडकले तर दिल्लीत अडकेल. बीजिंगलाही आपले कारखाने भारतात सहजासहजी जावेत असे वाटत नाही. तेव्हा मंजुरी आली, भागीदारी झाली, तुमची मशिन्स लागली, तरी चुंबक नाही म्हणून मोटरची लाइन बंद आणि तुमच्याकडे ‘या महिन्यात शेड्यूल शून्य’ असा मेल, हे घडू शकते. संबंध सुधारण्याच्या वर्षातच हे सगळे झाले आहे.

हे फक्त भारत-चीनपुरते नाही, आणि म्हणून ‘चिनी नको तर अमेरिकन ग्राहक घेतो’ हेही पूर्ण उत्तर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या कारणावरून भारतीय मालावरचे जादा शुल्क दुप्पट करून ५० टक्क्यांवर नेले होते, आणि अमेरिका तर आपला मित्रदेश. दक्षिण कोरियाच्या लॉटे समूहाने अमेरिकी क्षेपणास्त्र-संरक्षण यंत्रणेसाठी आपली गोल्फ मैदानाची जमीन कोरियन सरकारला दिली, तर २०१७ मध्ये चीनमधली त्यांची बहुतेक सुपरमार्केट अग्निसुरक्षेच्या नावाखाली बंद पाडण्यात आली. पुढच्या वर्षी लॉटेने दुकाने विकून टाकली. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मे २०२२ मध्ये रेनोने रशियातल्या अव्टोवाझ या मोठ्या कंपनीतला आपला हिस्सा नाममात्र एका रूबलला दिला आणि रशियातल्या व्यवसायापोटी दोन अब्ज युरोंहून अधिक रक्कम हिशेबातून उडवली.

ह्युंदाईचे उदाहरण मात्र तुम्ही नीट बघावे, कारण ती आता तुमच्या गावात आहे. सेंट पीटर्सबर्गजवळचा तिचा कारखाना मार्च २०२२ पासून बंद होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो १०,००० रूबलला, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास, विकायचे ठरले आणि जानेवारी २०२४ मध्ये विक्री पुरी झाली. त्याच जानेवारीत ह्युंदाईने तळेगावचा ताबा घेतला. एका देशातला अख्खा कारखाना जवळजवळ फुकट सोडायचा आणि त्याच महिन्यात दुसऱ्या देशात हजारो कोटी ओतायचे, हे त्यांना जमते. अनेक देशांत कारखाने असले की एका ठिकाणचा तोटा दुसरीकडे भरून निघतो. तुमच्या ग्राहकालाही थोड्या प्रमाणात हे जमेल. चिनी भागीदार नाही आला तर तो कोरियन शोधेल, जपानी शोधेल. एमजी या मोटार कंपनीच्या बाबतीत तेच झाले. चिनी मालक साइकला इथे नवे भांडवल आणणे अवघड झाले, तेव्हा जेएसडब्ल्यूने ३५ टक्के हिस्सा घेतला आणि गुजरातमधला हलोलचा कारखाना चालू राहिला. या सगळ्या वर्षांत मशिनचा हप्ता ज्याच्या नावावर असतो त्याच्याकडे दुसरा देश नसतो. तुमच्याकडे एक शेड आहे आणि एक घर आहे.

आता तुमच्या आकड्यांकडे. फ्लॅटवर ६० लाख, व्याज १०.५ टक्के धरले आणि मुदत पाच वर्षे, तर हप्ता सुमारे १,२९,००० रुपये येतो. नव्या शेडचे भाडे तुम्ही लिहिलेले नाही. त्या भागात महिना ४०,००० तरी धरा. म्हणजे एकही नग न बनवता महिन्याला १,६९,००० रुपये जाणार. आज घरखर्च भागवून तुमच्याकडे उरतात ८५,०००. दर महिन्याची तूट ८४,०००. एफडीतले सहा लाख ही तूट सात महिने भरतील. म्युच्युअल फंड आधीच मोडलेला असेल आणि त्यावरच्या नफ्यावर सुमारे एक लाखाचा कर भरून झालेला असेल. पीपीएफला मुदत असेल. आठव्या महिन्यात घराच्या कर्जाचा हप्ता चुकायला लागेल, त्या वेळी मुलगी बारावीच्या परीक्षेला बसलेली असेल. मी यात काम रद्द होईल असे कुठेही धरलेले नाही. फक्त सात महिन्यांचा उशीर धरला आहे.

म्हणून माझी कसोटी एकच: नवे काम एक रुपयाचेही आले नाही तरी घर आणि हप्ते दोन्ही चालले पाहिजेत. या कसोटीत बसणारी योजना अशी.

एक व्हीएमसी घ्या, ३२ लाखांची. तुमच्या आताच्या शेडमध्ये एकीला जागा निघते का ते बघा. निघत असेल तर नवी शेड नकोच. सीएमएम आत्ता घेऊ नका. तपासणी बाहेरच्या लॅबमधून नगावर पैसे देऊन करून घ्या. दर नगामागे थोडे महाग पडेल, पण काम थांबले की खर्चही थांबेल. ३२ पैकी ७ लाख तुमचे, २५ लाख बँकेचे. हप्ता सुमारे ५४,००० रुपये. तुमच्याकडे उरणाऱ्या ८५,००० मध्ये तो बसतो, शिल्लक ३१,००० राहते. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे का तेवढे विचारा. तो पुढे वळता होतो, पण सुरुवातीला रोख लागते.

हे कर्ज फ्लॅटशिवाय मिळू शकते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठी सीजीटीएमएसई ही पतहमी योजना आहे. एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा दहा कोटींपर्यंत वाढली आहे. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रे घेऊन बँकेत जा आणि मुद्दाम याच योजनेखाली अर्ज करा. शाखेतला अधिकारी बहुतेक म्हणेल, फ्लॅट आहे ना, मग तारण द्या की, व्याज कमी लावतो. अर्ध्या-एक टक्क्यासाठी घर देऊ नका. हेही स्पष्ट सांगते की ही हमी बँकेसाठी आहे. कर्ज बुडाले तर योजना बँकेचे नुकसान भरते, तुमची देणेदारी संपत नाही. फरक एवढाच, पण तो मोठा आहे: फ्लॅट बँकेकडे लिहून दिलेला नसतो. आणि फ्लॅट दोघांचा आहे, म्हणजे तारणाच्या कागदांवर तुमच्या पत्नीचीही सही लागली असती. हिशेब त्या बघतात, तेव्हा हे उत्तर दोघांनी मिळून वाचा.

तुमचे ७ लाख फंडातून काढा, पण एकदम नको. निम्मे ३१ मार्चच्या आधी, निम्मे एप्रिलमध्ये. दीर्घ मुदतीच्या नफ्यात दर आर्थिक वर्षी सव्वा लाखापर्यंत कर नाही. तुमच्या नफ्याच्या प्रमाणात बघितले तर दोन वर्षांत विभागल्यावर कर दोन-पाच हजारांच्या वर जाऊ नये. उरलेल्या १५ लाखांना हात लावू नका, ते मुलीच्या शिक्षणाचे आहेत.

मशिन निवडताना एक आग्रह धरते. टेबलचा आकार, स्पिंडल, कंट्रोलर असे घ्या की ती उद्या जर्मन, कोरियन किंवा इथल्याच ट्रॅक्टरवाल्याचे काम करू शकेल. फक्त या मोटरच्या हाउसिंगसाठी खास बांधून घेतलेली मशिन स्वस्त मिळाली तरी नको. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, महिंद्रा आहे, बजाज आहे, आता पलीकडे ह्युंदाई आहे. या साऱ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या पुरवठादारांना जॉबवर्क लागते. एका देशाशी बिनसले तर मशिन दुसऱ्या देशाच्या कामाला लावता आली पाहिजे. तुमच्यासारख्याला मिळू शकणारा खरा विमा हाच. चिनी कंपन्यांचे काम मुळातच वाईट असते तर रांजणगावला हायर इतकी वर्षे चालली नसती, चाकणला सॅनी चालली नसती. त्या २०२० च्या आधीच येऊन बसल्या होत्या, त्यांचे कारखाने बंद पडले नाहीत. अडकले ते नवे भांडवल, आणि तुमचा ग्राहक नव्याच भांडवलाची वाट बघतो आहे.

ग्राहकाला काय सांगायचे याचे तुम्हाला अवघड वाटत असणार, कारण निम्मे काम त्यांचे आहे. नाही म्हणू नका. असे म्हणा: “साहेब, एक मशिन मी माझ्या हिमतीवर तयार ठेवतो. डेव्हलपमेंटचे सॅम्पल पीस आत्ताच्याच मशिनवर काढून देतो. दुसरी मशिन मंजुरी आली आणि पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, हातात पडला की नव्वद दिवसांत लावतो.” नव्वद दिवस हा आकडा मशिनवाल्याकडून डिलिव्हरीची खात्री करूनच बोला. ज्याला स्वतःलाच परवानगीची तारीख माहीत नाही, तो तुमचे हे म्हणणे गैर मानणार नाही. मानले तर सगळा धोका तो तुमच्यावर ढकलत होता हे कळेल, आणि ते आता कळलेले बरे.

पीओत चार गोष्टी हव्यात. दर महिन्याला किमान किती माल उचलणार, आणि नाही उचलला तर काय देणार. फिक्श्चर आणि टूलिंगचा खर्च त्यांचा. निदान आगाऊ निम्मा. परवानगी नाकारली गेली किंवा भागीदार मागे फिरला तर केलेल्या टूलिंगची आणि तयार मालाची भरपाई. आणि पैसे ४५ दिवसांत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला कायद्याने तो हक्क आहे, आणि उशीर झाला तर ग्राहकाला त्या रकमेची करातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते, त्यामुळे हल्ली मोठ्या कंपन्यांचे लेखा विभागही हे मनावर घेतात. या चारपैकी पहिली अट ते सहज मान्य करणार नाहीत. पूर्ण नाही तर हप्त्याएवढी तरी, म्हणजे महिन्याला ५४,००० रुपयांच्या कामाची हमी मागा.

मंजुरी आली, सहा महिने माल नियमित गेला, पैसे वेळेवर आले, की दुसऱ्या मशिनचा विचार करू. तोपर्यंत जुन्या मशिनचा हप्ता कधी संपतो तेही मला कळवा. त्याने नव्या हप्त्याला जागा होईल. आधी शिरणाऱ्यालाच काम मिळते हे भागभांडवलाच्या बाबतीत खरे असेल. व्हेंडर म्हणून ज्याच्याकडे व्हेंडर कोड (ग्राहकाकडचा पुरवठादार क्रमांक) आहे, सॅम्पल पास झालेले आहेत आणि रिजेक्शन कमी आहे, त्याला लाइन सुरू होताना बोलावतातच. ही तिन्ही तयारी बिनकर्जाची आहे, ती आजपासून करा.

आणखी एक, तुम्ही विचारलेले नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्रात कुठेही विम्याचा उल्लेख नाही. नवे कर्ज घ्यायच्या आधी तुमच्या नावाचा किमान एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या आणि आईंचा आरोग्य विमा आहे का ते तपासा. एफडीतले सहा लाख त्यांच्या एका शस्त्रक्रियेत जाऊ शकतात, आणि वरचा सगळा हिशेब ते सहा लाख जागेवर आहेत असे धरून केला आहे.

ग्राहकाकडून पीओचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. किमान मालाचे आणि रद्द करण्याचे, ही दोन कलमे आधी बघू.